सात इंची कॉम्प्युटर घेऊन दौलताबादला

OK चं बटण स्क्रीनच्या खाली गेलं होतं. म्हणजे होतं, पण दिसत नव्हतं. दौलताबादजवळच्या एका मळ्यात, ओट्यावर मांडी घालून, मी तो सात इंची कॉम्प्युटर तळहातावर धरला होता आणि अंगठ्यानं स्क्रीन वर ढकलत होते. बटण काही वर येईना. समोर अंबादासकाका बसले होते, वय पंचाहत्तरच्या पुढं. त्यांचा मुलगा विलास खांबाला टेकून उभा होता.

"मॅडम, हँग झालं का?" विलासनं विचारलं.

"नाही रे बाबा, मीच झालेय," म्हटलं आणि Enter दाबून बघितलं. काम झालं. आठ दिवस हे यंत्र वापरत होते आणि ही अक्कल मला त्या ओट्यावर आली.

मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे कान तपासते आणि कानाची मशीनं बसवते. मशीन नुसतं कानात घालून भागत नाही. कोणाला कुठला आवाज किती कमी येतो ते बघून ते कॉम्प्युटरवरून जुळवावं लागतं. त्याला आम्ही प्रोग्रामिंग म्हणतो. चष्म्याचा नंबर काढण्यासारखंच, फक्त हा नंबर पुनःपुन्हा बदलावा लागतो.

हा छोटा कॉम्प्युटर आमच्या सरांनी दिला. सर म्हणजे संभाजीनगरातल्या आमच्या क्लिनिकचे मालक. नव्या वस्तूंचा त्यांना भारी सोस.

"हे घ्या मॅडम, होम व्हिजिटसाठी."

"मोबाइल आहे माझ्याकडे."

"मोबाइल नाही हो. पूर्ण कॉम्प्युटर आहे. विंडोज आहे, कीबोर्ड आहे, आपलं सॉफ्टवेअर चालतं."

"कीबोर्ड कोणासाठी केलाय, मुंग्यांसाठी?"

"चार दिवस वापरा, मग भांडा."

मी पहिल्याच दिवशी भांडले. अक्षरं राजगिऱ्याएवढी. माझा चष्मा दोन नंबरांचा, त्यातून बघायचं तर मान कोंबडीसारखी मागं-पुढं करावी लागे. टायपिंग दोन अंगठ्यांनी. एका पेशंटचं नाव तीनदा चुकलं, शेवटी नुसतं आडनाव टाकून मोकळी झाले. त्यात आतला फॅन घरघर करायचा. अहो, कान तपासायच्या जागी घरघर करणारं यंत्र! अर्ध्या तासात पाठीमागून असं तापायचं की रुमालात धरावं लागे. एकच गोष्ट बरी होती, ते पर्समध्ये मावत होतं. लॅपटॉपची बॅग वाहून माझा खांदा कामातून गेलेला, म्हणून मी ते परत केलं नाही.

आता अंबादासकाकांची गोष्ट. तीन महिन्यांपूर्वी मी त्यांना मशीन बसवलं होतं. सुरुवातीला खूश होते. पाखरं ऐकू येतात म्हणाले. मग एकदा क्लिनिकमध्ये येऊन तक्रार केली, "ताई, भांडं पडलं की डोक्यात घण बसतो." ही तक्रार सगळेच करतात. मशीनमध्ये त्यासाठी एक सोय असते. अचानक येणारा ठणठणाट ओळखून ते तो दाबून टाकतं. मी ती सोय पूर्ण वर नेली. काका समाधानानं घरी गेले.

मग दोनच दिवसांनी, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी, त्यांच्या पत्नी, कौसामावशी, गोठ्यात घसरून पडल्या. पाय मुरगळला, कंबर धरली, उठता येईना. काका साठ-सत्तर पावलांवर ओट्यावर बसून पेरू निवडत होते. कानात मशीन होतं. मावशी दीड तास तशाच पडून होत्या. विलास बिडकीनला कंपनीत आहे, शहरात फ्लॅटवर राहतो. तो सहज किराणा द्यायला आला, म्हणून कळलं.

हाड वाचलं. पण विलासनं ठरवलं, आता पुरे. शेत बटाईनं द्यायचं, जनावरं विकायची आणि दोघांना फ्लॅटवर न्यायचं. मला त्यानं फोन केला तो मशीन परत घेता का हे विचारायला.

"आई ओरडत होती मॅडम, आणि बाबांना मशीन घालून ऐकू आलं नाही. मग उपयोग काय त्याचा?"

म्हटलं, परत घेण्याआधी मला एकदा घरी येऊन बघू दे.

मी गेले तेव्हा काकांनी मशीन रुमालात बांधूनच ठेवलं होतं. माझ्यापुढं सरकवलं.

"घेऊन जा ताई. तुमची चूक नाय. माझे कानच मेले." मग म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर मी काय करू, सांगा बरं. इथं निदान झाडाला पाणी तर देतो."

हे बोलताना ते माझ्याकडं बघतच नव्हते. मावशी दारात उभ्या होत्या, पदर ओठांवर, घोट्याला बँडेज. "मावशी, या ना, बसा," म्हटलं तर हसून आत गेल्या. "आई फार बोलत नाही कोणाशी," विलास म्हणाला.

मी काकांच्या कानात मशीन घातलं आणि कामाला लागले. बाईचा आवाज बारीक असतो, तो वाढवून बघावा, असा माझा हिशोब. त्यातच ते OK बटण गेलं, Enter सापडलं. अर्धा तास मी बायकी आवाजाचे आकडे वर-खाली करत होते.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवशी नवी दिसली. लॅपटॉप घेऊन गेलं की घराचं ऑफिस होतं. टेबल पुसतात, त्यावर धुतलेली चादर येते, शेजारचे दोघं-तिघं बघायला येतात, सगळे हाताची घडी घालून बसतात. या बारक्या यंत्राकडं कोणी ढुंकून बघितलं नाही. "टीव्हीचं रिमोट हाय का?" काकांनी एवढंच विचारलं. मी मोबाइल बघत बसलेय असंच घराला वाटलं असणार. त्यामुळं मावशी सरळ आपल्या कामाला निघून गेल्या.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रेषा दिसतात. वरची रेष म्हणजे मशीनला बाहेरून मिळणारा आवाज. खालची म्हणजे ते कानात सोडतं तो. वरची हलली की खालची हलायला हवी. मी चष्म्यातून बघत होते, तेवढ्यात वरची रेष तीनदा टणाटण उडाली. खालची जागची हलली नाही. थोडं थांबून पुन्हा तीनदा. खालची ढिम्म.

मी मान वर केली. गोठ्याकडून आवाज येत होता. ठण ठण ठण. कोणीतरी भांडं घासत असेल, असं वाटलं. पण घासण्याचा आवाज असा मोजून येत नाही. विलासला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. काका तर शांतपणे माझ्याकडं बघत बसले होते.

मी यंत्र हातात तसंच घेऊन गोठ्यात गेले. मावशी दावणीला धरून उभ्या होत्या. हातात लाकडाचा दांडका, समोर पत्र्याची बादली.

"मावशी, काय हवंय?"

"काय नाय. ह्यांना बोलवू ऱ्हायले. वैरण टाकायचीय, मला वाकता येत नाय."

"मग तोंडानं हाक मारा की."

त्या लाजल्या. सत्तरी ओलांडलेली बाई नव्या नवरीसारखी लाजली.

"तशी सवयच नाय ओ. लग्न होऊन आले तवा घरात सासरे, दीर, सगळे. त्यांच्या म्होरं नवऱ्याला हाक कशी मारावी? मंग बादली वाजवायची. तीनदा वाजवली की हे यायचे. मंग तेच पडलं."

मी बादलीकडं बघितलं.

"पडलात त्या दिवशीही बादलीच वाजवली?"

"व्हय. हाताशीच होती."

"विलास म्हणतो, तुम्ही ओरडत होतात."

"त्यानं इचारलंच कुठं?"

मी तिथंच गव्हाणीच्या कठड्यावर टेकले. म्हणजे काकांचे कान मेले नव्हते. मशीनही बंद नव्हतं. पन्नास-पंचावन्न वर्षं ज्या आवाजाला हा माणूस उठून येत होता, तो आवाज मी आमच्या एसी खोलीत बसून बंद करून टाकला होता. आणि वर त्यांचं समाधान झालं म्हणून फाइलमध्ये बरोबरची खूण केली होती. मला रडूच आलं. म्हशीकडं तोंड करून मी डोळे पुसले.

ओट्यावर येऊन मी दोघांना सरळ सांगितलं, "काका, चूक तुमच्या कानांची नाही, माझी आहे. भांड्याचा आवाज दाबायला मशीनला मीच सांगितलं होतं. ते बिचारं सांगितलेलं काम करत होतं."

काकांनी कानातलं मशीन चाचपलं. मग म्हणाले, "म्हंजे मला आलं असतं ऐकू?"

"आलं असतं."

विलास खाली मान घालून उभा होता.

मग आम्ही कामाला लागलो. मावशी गोठ्यात बादली वाजवायच्या, मी यंत्र हातात धरून गोठा ते ओटा अशा फेऱ्या मारायचे आणि ठणठणाट दाबायची ती सोय एकेक घर खाली आणायचे. सगळी सोय बंद करून चालणार नव्हतं, नाहीतर पुन्हा डोक्यात घण बसला असता. लॅपटॉप घेऊन हे जमलं नसतं, शेणात पडले असते. बॅटरी संपत आली होती, यंत्राची पाठ चटके देत होती, अंगठे दुखून आले होते. पण बादली वाजवली की तिथल्या तिथं बदलता येत होतं. मनातल्या मनात सरांची माफी मागितली.

सहाव्या की सातव्या वेळी काका बोलता बोलता थांबले. विलास त्यांना काहीतरी विचारत होता, ते अर्धं टाकून उठले आणि चपला न घालता गोठ्याकडं चालू लागले. आम्ही मागोमाग गेलो.

"काय पाहिजे?" त्यांनी मावशींना विचारलं. रोज विचारत असतील तसंच.

"काय नाय. ताई म्हणल्या वाजवा म्हणून वाजवली." मावशींचा पदर डोळ्यांना होता.

काका बादलीकडं बघत राहिले. दांडक्यानं तिचा काठ एका बाजूला पार चेपला होता.

"त्या दिवशी किती वेळ वाजवली होती गं?"

मावशींनी आधी विलासकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"थोडाच वेळ," त्या म्हणाल्या. "मंग माझाच डोळा लागला."

काकांनी वैरणीची पेंढी सोडली आणि म्हशीपुढं टाकायला सुरुवात केली.

फ्लॅटचं अजून तरी पुढं ढकललंय. विलास दर दोन दिवसांनी चक्कर मारतो. मशीन काकांच्या कानात आहे, भांडं पडलं की थोडं दचकतात, पण काढत नाहीत.

आमच्याकडं पेशंटची माहिती लिहायचा चार पानी फॉर्म असतो. कामधंदा काय, टीव्ही किती मोठा लावता, देवळात जाता का, सगळं विचारतो. त्यात आता मी पेननं एक ओळ वाढवलीय: घरात तुम्हाला कोण, कशी हाक मारतं? चोवीस वर्षं मी हे काम करतेय. हा प्रश्न मी कोणालाच विचारला नव्हता.