आबांच्या वाटणीचे रोट

रक्त तपासणं हा माझा धंदा. जळगावच्या पिंप्राळ्याला माझी छोटी लॅब आहे, आणि सकाळी उपाशीपोटी येणाऱ्या माणसांशी मी जरा खेकसूनच बोलतो. आदल्या दिवसांत त्यांनी काय खाल्लंय ते मला कागदावर दिसतं, त्यामुळे थापा मारणाऱ्यांची मला चीड आहे. माझं हे खेकसणं सगळ्यात जास्त कुणी सोसलं असेल तर माझ्या वडिलांनी, आबांनी. चौदा वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला तो माझ्याच सुईखाली. ते दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी राहतात, कापूस लावतात, आणि मी जळगावात बसून फोनवरून त्यांचं ताट चालवायचो. चहा बिनसाखरेचा, भात मूठभर, आंबा फक्त बघायचा. आबांनी कधी कुरकुर केली नाही. त्यांच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी इतकी चांगली यायची की तो रिपोर्ट मी इतर पेशंटच्या नाकासमोर धरायचो. परीक्षेला आबा बसायचे आणि पेढे मी वाटायचो, असा तो प्रकार होता.

मला धास्ती असायची ती श्रावणाची. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ-टिकली लावून देवी सजवतात, रविवारी चौरंगावर बसवतात आणि सोमवारी नदीवर नेऊन बोळवतात. तिचा प्रसाद म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे मुठी मोजून गहू घ्यायचे, ते दळून जाडजूड रोट करायचे, सोबत खीर. हा प्रसाद भाऊबंदांबाहेर कुणाला द्यायचा नाही आणि उरवायचाही नाही. म्हणजे आबांच्या नावाचे जेवढे रोट झाले, तेवढे संपायलाच हवेत.

यंदाही पंगतीत आबांपुढे भरलेलं ताट आलं आणि मी हात आडवा घातला. "एकच रोट. खीर नको."

आबांच्या थोरल्या भावजय, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्या वाढता वाढता थांबल्या. "देवीना परसाद शे तो. त्यानी काय साखर वाढस?"

"अक्का, साखरेला देव कळत नाही."

आबा खाली मान घालून तो एक रोट चावत राहिले. त्यांच्या वाटणीचे उरलेले रोट मी खाल्ले, पोटाला तडस लागेपर्यंत. डोळ्यांत तेल घालून बापाचं तोंड राखलं म्हणून मी मनातून खूश होतो.

दुसऱ्या दिवशी बोळवण. कानबाईच्या मागे चपला घालून कुणी जात नाही. आठ-दहा दिवस पावसाने दडी मारली होती, ऊन रखरखीत होतं, आणि नदीकडचा रस्ता नुकताच सिमेंटचा झाला होता. मी घरांच्या सावल्या धरून, मध्येच उड्या मारत चाललो होतो. भाचे हसत होते. आबा मात्र रस्त्याच्या मधोमध, चौरंगाच्या मागे, संथपणे चालत होते. मला त्यांचं कौतुक वाटलं. म्हटलं, शेतकऱ्याचे पाय आहेत.

शनिवारी सकाळी आईचा फोन आला. "चादरले काहीतरी लागेल शे. वास बी ई ऱ्हायना. तुना बाप सांगस, काहीच नही."

चुलतभावाने आबांना आणि आईला गाडीत घालून धुळ्याला आणलं, मी जळगावहून थेट हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टरांनी डावा पाय उचलला. तळव्याचं भाजलेलं कातडं पिशवीसारखं सैल झालं होतं आणि खालचं मांस काळं पडलं होतं.

"दुखतं का?"

"नही. काहीच दुखस नही," आबा म्हणाले. आपण बरोबर उत्तर दिलं असं त्यांना वाटलं असावं.

डॉक्टरांनी पेन काढलं. पायावरची लाली घोट्याच्या वर जिथे संपत होती तिथून बोटभर वर गोल रेघ ओढली. "लाली या रेघेत राहिली तर पाऊल वाचवायला बघू. वर सरकली तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. पाचला येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पायाला स्पर्श कळतो की नाही, कधी तपासलं होतं?"

नव्हतं तपासलं. गावच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. साखर उत्तम आहे, घाई काय, असं म्हणून मी ते पुढे ढकललं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे सोमवारी निघताना मी आबांच्या पाया पडलो होतो. हाताला ओल लागली होती. नदीचं पाणी असेल म्हणून मी तो हात पँटला पुसला आणि बस पकडली.

दिवसभर मी दर अर्ध्या तासाने पांघरूण उचलत होतो. एक वाजता लाली रेघेपासून बोटभर खाली होती. दोन वाजताही तिथेच होती. आईला म्हटलं, थांबली बघ. तीन वाजता ती रेघेला टेकली. उजेडाने तसं दिसत असेल म्हणून मी खिडकीचा पडदा ओढून पाहिलं, पुन्हा उघडून पाहिलं. एकदा तर मनात आलं, ही रेघ स्पिरिटने पुसावी आणि जरा वर दुसरी ओढावी. रिपोर्ट फाडून आजार जात नाही, हे मीच रोज लोकांना ऐकवतो. मला भीती वाटत होती, आणि आबा मला विचारत होते की मी जेवलो का.

पाच वाजता डॉक्टरांना काही विचारायची गरज उरली नव्हती. ते बाहेर मला म्हणाले, "साखर सांभाळलीत म्हणून इतकी वर्षं निभावलं. पण काहींच्या नसा जायच्या त्या जातातच. आणि नस गेली की पायाची राखण डोळ्यांनीच करावी लागते." मला त्यांचा राग आला, कारण ते खरं बोलत होते.

पाय काढायच्या संमतीच्या कागदावर आबांची सही हवी होती. मी पेन त्यांच्या हातात दिलं. आबा ते धरून बसले आणि माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता म्हणाले, "भाऊ, तुनं बठ्ठं ऐकं मी. चौदा वरीस. एक बी गोट टाळी नही. मंग हाई कसं व्हयनं?"

"तुमचं काही चुकलं नाही, आबा."

"मंग कोनं चुकनं?"

आई भिंतीकडे बघत होती. "माझं," मी म्हणालो.

त्यांनी थोडा विचार केला. चौदा वर्षं माझं बाकी सगळं जसं ऐकलं, तसंच हेही त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि सही केली.