आशाताईंची हिरवी झारी

आशाताई संतापल्या की भांडत नाहीत, ड्रॉवर आवरतात. त्या मंगळवारी बर्मिंगहॅमजवळच्या रोमन म्युझियममधल्या त्यांच्या तिकीट काउंटरचे झाडून सगळे ड्रॉवर रिकामे झाले, तेव्हाच लोकांनी ओळखायला हवं होतं.

झालं असं, की स्टाफच्या संडासातली त्यांची झारी कुणीतरी कचऱ्यात टाकली. हिरवी, प्लॅस्टिकची, कुंड्यांना पाणी घालायची. लग्न होऊन नागपूरहून आल्याला छत्तीस वर्षं झाली. बाईंनी इथली थंडी पचवली, उकडलेला कोबी पचवला, पण संडासातल्या त्या कागदापुढे मान तुकवली नाही. वर मॅनेजरची ईमेल: एका सहकाऱ्याची तक्रार आहे, ती वस्तू 'अनहायजिनिक' दिसते.

अनहायजिनिक! आणि कुठे, तर जिथे माणसं रांगा लावून रोमनांचा संडास बघायला येतात तिथे! सैनिक मांडीला मांडी लावून बसायचे, पायांपुढून पाण्याचा पाट वाहायचा, आणि धुवायला काठीला बांधलेला स्पंज, तोही म्हणे सगळ्यांत मिळून. त्या स्पंजाची खेळणी इथल्या दुकानात हातोहात खपतात. मेलेल्या रोमनांचं पाणी ती संस्कृती, आणि जित्या आशाताईंचं पाणी ती घाण. हा कुठला न्याय?

आता झारीतला शुक्राचार्य कोण, एवढंच शोधायचं होतं. ते मॅनेजरच बोलून गेला. "अन्वी तर तुमच्याच कम्युनिटीची. तिलाच ऑकवर्ड वाटतं म्हटल्यावर..."

अन्वी! मैत्रिणीची लेक. ही गाइडची नोकरी आशाताईंनीच शब्द टाकून मिळवून दिलेली. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी नवी झारी घेऊन त्या थेट रोमन संडासाशी जाऊन उभ्या राहिल्या.

अन्वी शाळेच्या मुलांना सांगत होती, "रनिंग वॉटर! सो सिव्हिलाइज्ड!"

मुलं पुढे जाईपर्यंत आशाताई थांबल्या.

"सिव्हिलाइज्ड काय गं?"

"मावशी, प्लीज. सगळे विचारत होता, हा कॅन कुणाचा. मला लाज आला."

"लाज आली म्हणतात. निदान ती तरी नीट आण. तुझी आई हॉस्पिटलात ड्यूटीवर असायची, तू दोन वर्षांची. रोज कशानं धुतलं गं तुला मी? रोमन स्पंजानं?"

अन्वीचे डोळे भरले. आशाताईंना दया आली नाही. त्यांनी झारी तिच्या हातात कोंबली.

"धर. तूच ठेवून ये. आणि पिशवीत घालायची नाही."

अन्वी तिकिटांच्या रांगेतून झारी घेऊन गेली. सगळ्यांनी पाहिलं. आशाताई काउंटरवर परतल्या आणि कालच आवरलेले ड्रॉवर पुन्हा उपसायला लागल्या.