उपड्या परातीवरच्या रिंगा

आमच्या गाळ्यात मशीनमधून निघालेली प्रत्येक गरम वस्तू आधी लोखंडी पाटाखाली जाते. धामणकर नाक्याजवळच्या या गाळ्यात बाबा वर्षानुवर्षं लूमच्या बॉबिनना लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्या बनवत आले. चकती जराशी वाकडी असली की बॉबिन डगमगतं, सूत तुटतं आणि सगळा माल परत येतो. म्हणून गरम आहे तोवर वजनाखाली ठेवायची, सपाट करायची. हा नियम मला पाढ्यांच्याही आधी पाठ झाला होता.

आजूबाजूचे लूम बंद होत गेले तसे बाबा नवीन काम शोधू लागले. खेळण्यांच्या एका व्यापाऱ्याला हवेत फेकायच्या रिंगा हव्या होत्या. बाबांनी त्याला होकार दिला आणि घरी येऊन माझ्याकडे बघितलं. मी डिझाइनचा डिप्लोमा केलेली, इंग्लिश मिडियमची मुलगी. कुणाशी फारसं न बोलणारी, पण बाबांच्या मते सगळं समजणारी. ते म्हणाले, "रिंग तू काढ. तुझं डोकं, माझं मशीन."

आयुष्यात कुणी मला इतकं मोठं काहीच दिलं नव्हतं. रिंगेच्या साच्यासाठी आधी आम्ही ट्रायलची साधी, सपाट डाय केली. रिंग नीट उडाली की पोलादाची पक्की डाय करायची, आणि तिचं ड्रॉइंग माझं असणार होतं.

रिंग उडायची, पण सरळ नाही. हातातून सुटल्यावर थोडी सरळ जायची, मग डावीकडे कलायची आणि भिंतीवर आपटायची. कारण मी वाचून काढलं होतं. मधे पोकळ असल्यामुळे रिंगेला हवा फार अडवत नाही, म्हणून ती भरीव थाळीपेक्षा लांब जाते. पण तिची पुढची कड हवा कापताना ती हवा खाली ढकलते. मागच्या कडेला मिळते ती ही आधीच खाली चाललेली हवा. म्हणून मागची बाजू कमी उचलली जाते, पुढची जास्त. आणि रिंग गरगर फिरत असल्यामुळे ती नाक वर करायच्या ऐवजी भोवऱ्यासारखी एका अंगाला झुकते. उजव्या हाताने फेकली तर डावीकडे. कारण कळलं होतं, उपाय कळत नव्हता. मी कड जाड केली, पातळ केली, तिला ओठ काढला. प्रत्येक नमुना पाटाखाली सपाट केला आणि प्रत्येक नमुना डावीकडे गेला.

त्याच दिवसांत वहिनी गाळ्यात मदतीला यायला लागल्या. दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. तो कशेळीच्या एका गोदामात शिफ्टवर असायचा. वहिनी अंजूरच्या, माझ्याच वयाच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. आठवड्याभरात गाळ्यातली माणसं त्यांच्याशी बोलायला लागली. मी तिथे लहानाची मोठी झाले, तरी माझ्याशी ती 'मॅडम'च्या पुढे गेली नव्हती. बाबाही घरी येताना आता त्यांच्याशी बोलत यायचे. मी मागे चालायचे.

एका दुपारी पाटांवर जागा नव्हती. वहिनींनी डबा खायला आणलेली मोठी स्टीलची परात उपडी घातली आणि निघालेल्या गरम रिंगा तिच्या पाठीवर एकेक करून ठेवल्या. मी बघितलं आणि बोलले नाही. चुकीचं करताहेत तर करू देत, असं माझ्या मनात होतं.

गार झाल्यावर त्यातली एक त्यांनी मागच्या बोळात फेकली. सुपाने पाखडताना शेवटी मनगट जसं झटकतात तसं झटकून. रिंग सरळ गेली. बोळ संपला, तरी ती सरळच होती. शेवटी ती समोरच्या पत्र्यावर जाऊन बसली.

"ताई, बघितलंत? कशी गेली हाय!"

बाबा दारात उभे होते. ते हसले. इतके दिवस माझ्या नमुन्यांकडे ते मान हलवत बघायचे, "होईल होईल" म्हणायचे. असे कधी हसले नव्हते.

मी दुसरी रिंग उचलून डोळ्यांसमोर आडवी धरली. परातीच्या पाठीचा बाक तिच्यात उतरला होता. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा नखभर खाली. म्हणजे पुढची बाजू हवेत किंचित खाली झुकून शिरणार, मागची किंचित उचलून. पुढचं कमी, मागचं जास्त, हिशेब बरोबर. उपाय एवढाच होता. आणि तो पाटाखाली रोज मी स्वतः दाबून मारत होते.

मी म्हटलं, "योगायोग आहे. हवा मागून असेल."

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला नमुने दाखवायचे होते. संध्याकाळी वहिनींनी त्यासाठीच्या रिंगा परातीवर मांडल्या आणि त्या स्वयंपाकाला घरी गेल्या. बाबा मशीन पुसत होते. मी रिंगा हाताला लावून बघितल्या. अजून गरम होत्या. मी त्या उचलल्या, एका पाटावर ठेवल्या आणि वर दुसरा पाट ठेवला. कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: गाळ्याचा नियम आहे. कुणी विचारलं नाही.

व्यापाऱ्याचं गोदाम अंजूरच्या बाजूला होतं. त्याच्या शेजारी एक मोकळा तुकडा उरला होता. रिक्षातून उतरताना वहिनी म्हणाल्या, "हितं आमचा भात व्हायचा." बाबांनी कौतुकाने विचारलं, "कुठपर्यंत?" आणि त्या हाताने दाखवत राहिल्या.

पहिली रिंग त्यांनीच फेकली. ती डावीकडे वळून गोदामाच्या भिंतीवर आपटली. दुसरीही तशीच. तिसरी कुंपणाबाहेर गेली.

व्यापारी म्हणाला, "भाईसाब, ये तो सब बायीं तरफ भागती है. बच्चा फेकेगा एक बार, फिर माँ फेक देगी कचरे में."

बाबा हसायचा प्रयत्न करत होते. वहिनींनी चौथी रिंग हातात घेतली, आडवी धरून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते की त्या बोलतील. त्या बोलल्या असत्या तर मला खोटं बोलता आलं असतं.

मी त्यांच्या हातातून रिंग घेतली. गुडघ्यावर टेकवून चारी बाजूंनी बाहेरची कड थोडी थोडी खाली वाकवली, जोर लावून, प्लॅस्टिक पांढरं पडायच्या आत थांबत. मग त्यांच्याच हातात परत दिली, कारण मला फेकता येत नाही. त्यांनी फेकली. रिंग भाताच्या जुन्या बांधावरून सरळ गेली, गोदामाच्या दुसऱ्या टोकापर्यंत.

व्यापाऱ्याने मान डोलावली. बाबा त्याला म्हणाले, "माझी मुलगी. इंग्लिश मिडियमची आहे. तिने शोधलंय हे."

कित्येक आठवडे मला हेच ऐकायचं होतं. मी ऐकलं आणि ते तसंच राहू दिलं.

घरी वहिनी परात घासत होत्या. मी उगाच पाणी प्यायला गेले.

"पाटाखाली तुम्हीच ठेवल्यात ना?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"हो."

"मला वाटलंच. बाबांना काल घाई होती, त्यांनी न्हाय ठेवल्या." परात पाण्याखाली धरून त्या म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते ना ताई, तर परातच लपवली असती. रिंगा दाबत कोण बसतंय."

मला हसू आलं आणि ते आवडलं नाही. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. असं सोडून देणंही त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

पक्क्या डायचं ड्रॉइंग मी दोन दिवसांत संपवलं. बाक मोजायला परात कॉम्प्युटरशेजारी आणून ठेवली होती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ठरलेले रकाने असतात: काढणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव. कुणाला सुचलं, हा रकाना नसतो. तो मला वेगळा आखावा लागला. चार रेघा आणि एक नाव. त्याला मी संध्याकाळपर्यंत वेळ लावला. मधे एकदा पुसलाही.

बाबांनी कागद हातात घेऊन बघितला. "हा रकाना कशाला?"

"वाचा," मी म्हटलं. "परात त्यांची होती. पाटाखाली मी ठेवल्या होत्या."

त्यांनी वाचलं, मग पुन्हा वाचलं. माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त चष्मा काढला आणि स्वयंपाकघराकडे बघून वहिनींना हाक मारली. वहिनी हात पुसत आल्या. दोघं कागदावर वाकून बोलत होती, आणि मी बाबांचा चेहरा बघत होते. त्या दिवशी बोळात हसले होते तसेच हसताहेत का, एवढंच.