सहा बोटं की दोन

उंब्रजला हमरस्त्याच्या कडेला चांदसाहेब मिस्त्रींचं पत्र्याच्या शेडातलं दुकान होतं. गाड्यांचा भार पेलणारे पोलादी कमानपाटे भट्टीत तापवायचे, ठोकून वाकवायचे आणि थंड झाल्यावर हातोडीनं टिचकी मारून आवाज ऐकायचा, हा त्यांचा धंदा. ठोकून ठोकून डावा कान गेलेला. म्हणून पाट्याला काय आणि गिऱ्हाइकाला काय, ते उजवा कान पुढं करायचे.

चौऱ्याहत्तर साली मी फौजेतून हवालदार म्हणून सुटून आलो आणि लिलावातली जुनी जीप घेतली. आमच्या वस्तीपुढं ओढा आहे. त्यातला एक धोंडा जीपच्या मागच्या आसाच्या मधल्या लोखंडी गोळ्याला दर खेपेला ठोकर द्यायचा. त्यातच आमच्या पाव्हण्यांनी, सयाजीरावांनी, पाटे वाढवून आपली जीप सहा बोटं उचलून घेतलेली. ती बघून माझं डोकं फिरलं होतं. मी मिस्त्रींना हुकूमच सोडला, "सहा बोटं उचला. त्याच्या खाली न्हाई."

"गाडीत बसनार कोन?" त्यांनी विचारलं.

"मी आन आई. गुडघ्यांपायी तीन वर्सं म्हायेरी गेली न्हाई. औंदा नागपंचमीला शिराळ्याला न्यायची हाय."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "शुक्रवारी नमाज झाल्यावर येतो. आदी वढा बगू."

पाटे वाढवायला ओढा कशाला बघायचा? मी चरफडतच घरी आलो.

शुक्रवारी ते एसटीनं आले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरून धोंडा बघितला, मग काठावरच्या जीपखाली वाकून गोळ्यावरनं हात फिरवला आणि खो खो हसायला लागले.

"हवालदार, पाटं वाढवलं की गाडीची पाठ वर जाती. ह्यो गोळा चाकांच्या मदी. त्यो तितंच ऱ्हानार. सहा न्हाई, बारा बोटं उचला, धोंडा लागनारच. वर हमरस्त्याला वळनावर गाडी कलंडायला बगंल."

"मग काय करू?"

"धोंडा काडा की!"

पंधरा वर्षं फौजेत खंदक खणले, पण हे काही सुचलं नव्हतं. मी पहार आणली. साठी ओलांडलेला तो माणूस माझ्याबरोबर कंबर वाकवून झटला आणि तासाभरात धोंडा काठाला आला.

चहा झाल्यावर त्यांनी अंगणात विटा रचल्या. जीपला ते एक पायरी बसवणार होते, तिच्या उंचीएवढ्या. गाडी जितकी उचलावी, तितकी पायरीही वर जाणार. "मावशी, पाय ठिवा बरं." दोन बोटं उचललेल्या गाडीच्या मापाला आईनं घराच्या दाराची चौकट धरून पाय टेकवला आणि वर चढली. मग त्यांनी सहा बोटांचं माप केलं. आईनं लुगडं सावरलं, दोनदा पाय उचलून बघितला आणि हसली. "मी घरीच बरी. तुमीच जावा."

"मी उचलून बशिवतो की तुला," मी म्हणालो.

मिस्त्री माझ्यावर उखडले. "उचलून ठिवायला ती काय पोतं हाय?"

"मग पायरी खाली लोंबवा."

"बांधाला अडकून तुटंल. पाटं दबून बसल्यात तुमचं, ते दोन बोटं उचलतो. लय झालं." माझ्या सहा बोटांचा निकाल असा आमच्याच अंगणात लागला आणि मला, खरं सांगतो, तोंड वर करून बघवेना.

नागपंचमीला ओढ्याला पाणी होतं, तरी जीप न ठोकरता पार झाली. उंब्रज आल्यावर आई म्हणाली, "थांब जरा." तिनं मिस्त्रींसाठी पुरणाची दिंडं आणली होती. ती आपली आपण उतरली, डबा त्यांच्या हातात दिला आणि परत फिरली.

मिस्त्री भट्टी सोडून बाहेर आले. जुना पाटा कापून केलेली ती पायरी, तिच्यावर पडणारं आईचं पाऊल, एवढंच ते बघत होते. मी सवयीनं हात पुढं केला. आईनं तो बाजूला सारला, जीपची दांडी धरली आणि वर चढून बसली.

मिस्त्रींनी डबा छातीशी धरला होता. फौजेत मी कैक साहेबांना सलाम ठोकले, पण पोटातनं आलेला पहिला सलाम त्या दिवशी त्या काजळलेल्या माणसाला ठोकला. डोळे भरून आल्यामुळं हात खाली घ्यायचं भान राहिलं नाही.

"आकारामा," आई वरनं म्हणाली, "चल की रं आता. शिराळा वाट बगतंय."