बैठकवाले बाबू

पांढुर्णा स्टेशनवरचे पार्सलबाबू रोज सकाळी व्यायामशाळेत दोनशे बैठका मारत आणि जमिनीवरून वजन उचलणाऱ्यांना हसत. "मांड्या पक्क्या, त माणूस पक्का. उचलणं हमालाचं काम हाय, गुरुजी," असं मला दर भेटीत ऐकवत.

एकदा स्टेशनाबाहेर संत्र्यांची बैलबंडी उलटली. जुवाखाली बैलाची मान दबली आणि त्याचे डोळे पांढरे झाले. हमाल यायच्या आत बाबूंनी खाली बसून जू धरलं आणि उचललं. बैल सुटला. बाबू वाकलेलेच राहिले.

"बाबू, सोडा आता!" मी म्हणालो.

"कधीचंच सोडलं. कंबर सरळ होऊन नाही राहिली."

हमालांनी त्यांना बाकावर आडवं केलं. मी हळूच विचारलं, "मग, मोठं काय? बैठक की उचलणं?"

बाबू कण्हले. "बैठकच! खाली बसतानी काही दुखलं काय?"