क्लॅरीचं मुकं पिंप

क्लॅरी हॉजेट पहाटे चारला उठला आणि गाय पिळायच्या आधी बिअरच्या पिंपाला कान लावून बसला. बिअर आंबताना झाकणावरच्या नळीतल्या पाण्यात बुडबुडे येतात. आठवडा झाला तरी एकही आला नव्हता.

"यीस्ट मेलं की काय गं?" त्याने बायकोला, नोलाला, विचारलं.

"मला काय विचारतोस? पिंपाशी संसार तू मांडलायस."

टास्मानियातल्या त्या शेतावर भाजी, मांस, साबण सगळं घरचं होतं. आम्ही तिथे मेंढ्यांची लोकर कातरायचो. शेवटची मेंढी सुटली की मालकाने कातरणाऱ्यांना बिअर पाजायची, ही रीत. यंदा घरची पाजणार, असं क्लॅरी सगळ्यांना सांगून बसला होता. कातरणी तोंडावर आली होती.

वैतागून त्याने पिंप डुकरिणीपुढे ओतलं. चाखायचीही तसदी घेतली नाही. दुपारी मी गेलो, तर डुकरीण झोकांड्या खात होती.

"आजारी पडली का रे ही?" क्लॅरीने मला विचारलं.

"झिंगलीय. तुझी बिअर झाली होती, बाबा."

"मग बुडबुडे कुठे गेले?"

मी झाकण उलटं केलं. कडेचं रबर चिरलेलं होतं. वायू नळीतून न जाता तिथूनच निसटला होता. क्लॅरी एकदा झाकणाकडे आणि एकदा घोरणाऱ्या डुकरिणीकडे बघत राहिला.

नवी बिअर मुरायला वेळ उरला नव्हता. शेजाऱ्याची लाकडं फोडून हिवाळाभर कमावलेल्या मजुरीतून त्याने आमच्यासाठी गावातल्या पबमधून बिअरची खोकी आणली.