पैकीच्या पैकी गुणांचं पत्र

एका बाईंनी मागितलेली माफी मी परस्पर गिळून टाकली आहे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला न सांगितलेल्या गोष्टी माझ्याकडे फारशा नाहीत.

पुण्यात अकरावी-बारावीला मी फ्रेंच घेतलं, कारण मराठीपेक्षा ते स्कोअरिंग. क्लासच्या सरांनी तीन निबंध आणि दोन पत्रं घोटून घेतली होती. त्यातलं ‘मित्राला सुट्टीत महाबळेश्वरला बोलावणारे पत्र’ मला आजही झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. पैकीच्या पैकी मिळाले. फ्रेंचमध्ये पाणी मागता येत नव्हतं, पण तो प्रश्न पेपरात नव्हता.

पुढे न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या नोकरीसाठी सीव्हीत ‘फ्रेंच: उत्तम’ असं ठोकून दिलं. सात वर्षं कुणी विचारलं नाही. मग ऑफिसला न्यू कॅलेडोनियाचं, म्हणजे फ्रेंचमध्ये कारभार चालणाऱ्या बेटाचं, एक गिऱ्हाईक मिळालं आणि मॅनेजर इथल्या पद्धतीने खुशीत म्हणाला, “स्वीट अ‍ॅज! आपल्याकडे तू आहेस.”

“अरे, मग खरं सांगून टाक ना,” बायको म्हणाली.

ते सोडून मी बुधवार संध्याकाळच्या नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. (गिऱ्हाईक शेवटपर्यंत इंग्रजीतच बोललं.)

पहिल्याच दिवशी स्वतःविषयी दोन वाक्यं बोलायची होती. मी घाबरून ‘माझा आवडता ऋतू’ हा अख्खा निबंध म्हणून टाकला. टाळ्या पडल्या. शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, पक्क्या इथल्या. त्या माझ्याकडे असं बघत होत्या की मी दुसऱ्या दिवशीही ती नजर आठवून सुखावलो.

मार्चमध्ये त्यांनी घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरे कागद, पेन, चहा, सगळं मांडून ठेवलेलं. त्यांचा मुलगा नूमेआला, म्हणजे त्याच न्यू कॅलेडोनियात, असतो. सहा वर्षांपूर्वी त्याचं तिथल्या मुलीशी लग्न झालं. बाईंनी पाठ धरलीय असं कळवलं आणि गेल्या नाहीत. नेमका त्याच दिवशी त्यांच्या बोल्स क्लबने, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या क्लबने, वेबसाइटवर फोटो टाकला: बाई चांगल्या ओणव्या होऊन चेंडू सोडताहेत. सुनेने तो पाहिला. तेव्हापासून ती इकडे फिरकली नव्हती, आणि नात फक्त फोनवर दिसायची.

“मुलाला सांगितलं तर तो गोड करून सांगेल,” बाई म्हणाल्या. “आणि फोनकडून भाषांतर करून माफी मागायची नाही मला. तू लिही, मी माझ्या हाताने उतरवते.”

“अहो, माझं फ्रेंच काही…”

“पुरे तुझा विनय!”

‘मला येत नाही’ हे मला चार भाषांत म्हणता येतं. फ्रेंचमध्येसुद्धा, वर्गातला दुसराच धडा तो होता. मी म्हटलं नाही.

बाई सांगू लागल्या. माझी पाठ दुखत नव्हती. मुलगा तिकडचाच होऊन जाईल याची मला भीती वाटली. तू माझं काही वाईट केलं नव्हतंस. मी खोटं बोलले. मी ते सगळं एका पाकिटाच्या मागे इंग्रजीत टिपून घेतलं, आणि चांगल्या कागदावर माझा हात आपोआप बारावीचा पेपर लिहू लागला. सुट्टी जवळ आली आहे. इथली हवा आरोग्यदायी आहे. आपण डोंगरावर फिरू, स्ट्रॉबेरी खाऊ, घोड्यावर बसू. मित्राच्या जागी सुनेचं नाव घातलं, महाबळेश्वरच्या जागी वेलिंग्टन. आईवडील वाट पाहत आहेत, तेवढं गाळलं. एकही चूक नव्हती.

बाईंनी डोळे पुसत ते अक्षर न् अक्षर उतरवून काढलं. मग विचारलं, “मी खोटं बोलले, हे कुठे आलं?”

मी घोड्याच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी त्या ओळीखाली जाड रेघ मारली.

मग त्यांनी वर्ग सोडला. “माझं काम झालं,” म्हणाल्या. मी मात्र राहिलो. अपराधीपणासारखा शिक्षक नाही. वर्षभरात मला खरंच फ्रेंच येऊ लागलं.

डिसेंबरमध्ये ती मंडळी आली! पत्राने काम केलं होतं. नातीने विमानतळावर पहिली गोष्ट काय विचारली, तर घोडा कुठे आहे. “शेवाल म्हणजे घोडा ना रे?” बाईंनी मला फोनवर विचारलं. “मुलांना घोडे आवडतात,” मी म्हणालो. त्यांनी शहराबाहेरचं एक फार्म शोधून काढलं.

मला जेवायला मानाने बोलावलं होतं. बापलेक घोड्यावर गेले होते, बाई आत पावलोव्हा केक सजवत होत्या. सुनेला इंग्रजी नावापुरतंच येत होतं. ती माझ्याशी हळूच फ्रेंचमध्ये म्हणाली, “पत्र फार छान होतं. पण त्या एका गोष्टीबद्दल एक शब्दही नाही. मी तेवढ्यासाठीच आले होते.”

वर्गाबाहेर कुणी बोललेलं आणि मला पूर्ण कळलेलं ते पहिलं फ्रेंच वाक्य.

बाई पावलोव्हा घेऊन आल्या. “काय म्हणतेय?”

“पत्र फार छान होतं म्हणतेय,” मी म्हणालो. भाषांतर अचूक होतं. अर्धं होतं, इतकंच.

त्यानंतर सून पुन्हा आलेली नाही. बाई दर वर्षी न चुकता त्यांच्या झाडाचे फिजोआ, पेरूसारखी आंबटगोड फळं, पिशवी भरून आणून देतात. बायको त्याचा मुरांबा करते आणि म्हणते, “किती जीव लावतात रे तुला!” यंदा पिशवी देताना बाई दारातच थांबल्या. “एवढी माफी मागितली,” म्हणाल्या, “तिने त्याचं नावसुद्धा काढलं नाही. असो. तिची मर्जी.”

मी पिशवी घेतली आणि थँक्यू म्हटलं.

ते पाकीट माझ्याकडे आहे. त्याच्या मागे चार वाक्यं आहेत आणि ती सगळी आता मला फ्रेंचमध्ये लिहिता येतात. ती सुनेला पाठवायची आहेत. त्याआधी बाईंच्या त्याच टेबलाशी बसून, घोड्याच्या ओळीचा खरा अर्थ त्यांना सांगायचा आहे. ही दोन्ही कामं मी अजून केलेली नाहीत.